थोरले माधवराव १७७२ मध्ये गेले नसते तर? पर्यायी इतिहासातली राज्ये, लढाया आणि राज्यकर्ते घडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर-तरचा इतिहास लिहायला बसलेला मराठी माणूस बहुधा पानिपतापासून सुरुवात करतो. इथे फाटा अकरा वर्षे पुढे, थेऊरला पाडला आहे. कार्तिक वद्य अष्टमी, शके १६९४ म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२ या दिवशी थोरले माधवराव पेशवे क्षयाने जात नाहीत, एवढाच बदल. कथा, कादंबरी, नकाशा किंवा खेळ रचणाऱ्यांकडून यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

पानिपत का नको? तीच तर सगळ्यात मोठी लढाई.

मोठी आहे, म्हणूनच अवघड आहे. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठी फौज दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडलेली होती, दाणागोटा संपला होता, जनावरे मरत होती. त्या दिवशी विजय मिळवून द्यायचा तर आधी रसद सुरू हवी. रसद सुरू ठेवायची तर दुआबातला, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातला, बंदोबस्त बदलायला हवा, आणि तो बदलायचा तर उत्तरेतल्या मित्रांशी वागणे बदलायला हवे. एका बदलाच्या जागी दहा बदल होतात आणि वाचकाचा विश्वास उडतो.

थेऊरला फक्त एक माणूस वाचवायचा आहे. आणि त्या क्षणी पट कसा मांडलेला होता ते पाहा. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आधाराने दिल्लीत परतला होता. त्याच वर्षी पत्थरगड पडला आणि पानिपतावर अब्दालीला साथ देणाऱ्या नजीबखान रोहिल्याच्या घराण्याशी पानिपताचा हिशेब चुकता झाला. मार्च १७७१ मध्ये त्रिंबकराव मामा पेठ्यांनी मोती तलावाजवळ हैदरअलीचा पराभव केला होता. राक्षसभुवनानंतर निजाम दबून होता. चुलते राघोबादादांचे बंड १७६८ मध्ये धोडपला मोडले होते. आणि सत्तावीस वर्षांचा कर्ता पेशवा गेला. अब्दालीही १७७२ मध्येच गेला, म्हणजे उत्तरेकडून येणारे सर्वांत मोठे संकट आपोआप दूर झालेले. यापेक्षा चांगला फाटा मराठ्यांच्या इतिहासात मला दिसत नाही.

माधवराव वाचतात कसे? एखादा वैद्य आणू का?

नको. क्षयावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. अठराव्या शतकातल्या वैद्याच्या हाती ते दिले की पुढचे सगळे परीकथा होते. मात्र औषधाविना काही रोग्यांचा क्षय ओसरतो, वर्षानुवर्षे दबून राहतो आणि पुन्हा उफाळतो, हे वैद्यकाला माहीत आहे. तेवढा आधार पुरे.

पेशवा जगला तरी धडधाकट होत नाही, हे विसरू नका. दुखणे बळावल्यामुळेच त्यांनी कर्नाटकची मोहीम त्रिंबकराव मामांवर सोपवली होती. तुमच्या जगातला माधवराव १७७२ नंतर घोड्यावर बसून मोहीम चालवणारा नसेल, पत्रांतून हुकूम देणारा असेल. मग रोज त्यांच्याजवळ कोण बसते याला महत्त्व येते: सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, रमाबाई. पत्र कोणी वाचून दाखवले, कोणते दोन दिवस दाबून ठेवले, ताप चढलेला असताना सही कोणी घेतली, अशा प्रसंगांतून राजकारण रंगते. मी माझ्या आराखड्यात त्यांना १७८४ पर्यंत ठेवतो, म्हणजे एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत.

पहिल्या दोन-तीन वर्षांत काय घडत नाही?

३० ऑगस्ट १७७३ चा, धाकटे भाऊ नारायणरावांचा खून होत नाही. त्यामुळे राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांनी केलेले बारभाईंचे कारस्थान नाही, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला जात नाहीत आणि ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह नाही. न्यायाधीश रामशास्त्री पुणे सोडत नाहीत. मार्च १७७४ मध्ये कासेगावच्या लढाईत राघोबादादांच्या फौजेशी लढताना पडलेले त्रिंबकराव मामा जिवंत राहतात. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. हैदरला मैदानात हरवलेला सेनापती हाताशी असणे म्हणजे दक्षिणेचा अर्धा प्रश्न सुटणे.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, तेही या जगात सहज घडत नाही. पुण्यातला गोंधळ पाहूनच त्यांनी हात घातला होता. पण मुंबईकरांची साष्टी-वसईची हाव जुनी होती. त्यांचा वकील मॉस्टिन १७७२ च्या शेवटी पुण्यात येऊन बसलेला होता, तो तुमच्या जगातही तिथेच असणार.

म्हणजे मराठ्यांचे सगळे चांगलेच होते ना?

नाही. माझ्या मते या फाट्याचा गाभा इथेच आहे. माधवराव जगल्यामुळे एक लढाई टळते, पण तिच्याहून मोठी लढाई लवकर येते.

खऱ्या इतिहासात पेशवा गेल्याची बातमी आली, पुण्यात अस्थिरता आली आणि १७७३ मध्ये विसाजी कृष्ण बिनीवाल्यांची फौज उत्तरेतून दक्षिणेकडे वळली. मागे पोकळी राहिली. दिल्लीत ती बादशहाचा सेनापती मिर्झा नजफखानाने भरली. पूर्वेला बंगालचा इंग्रज गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने तिचा पुरेपूर फायदा घेतला. बादशहा मराठ्यांकडे गेला म्हणून बंगालमधून त्याला मिळणारे वर्षाचे २६ लाख हेस्टिंग्जने बंद केले. बादशहाने मराठ्यांना दिलेले कोरा आणि अलाहाबाद त्याने ५० लाखांना अवधच्या शुजाउद्दौल्याला विकले. मराठ्यांना हुसकावण्याबद्दल रोहिल्यांनी शुजाला कबूल केलेल्या ४० लाखांचे निमित्त करून १७७४ मध्ये इंग्रज पलटणी रोहिलखंडात घुसल्या आणि हाफिज रहमतखान मारला गेला.

आता माधवराव जिवंत आहेत आणि विसाजी कृष्ण परत फिरत नाहीत. कोरा-अलाहाबादची सनद मराठ्यांच्या हातात आहे. अलाहाबाद म्हणजे प्रयाग, आणि काशी-प्रयाग सोडवण्याची इच्छा माधवरावांनी मृत्यूपूर्वी करून ठेवलेल्या यादीतही आहे. आजारातून उठलेला पेशवा ती सोडून देईल? आणि हेस्टिंग्ज माघार घेईल?

खऱ्या इतिहासात मराठ्यांची पहिली इंग्रज लढाई दुबळ्या मुंबईकरांशी झाली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला ते शरण आले. तुमच्या जगात पहिली गाठ पडेल ती बंगालच्या फौजेशी, बक्सार जिंकून नऊ-दहा वर्षे झालेल्या, १७६५ पासून बंगालच्या दिवाणीच्या पैशावर पोसलेल्या. तीही गंगेच्या काठी. तिथे पुणे फार दूर आणि कलकत्त्याची रसद नदीने येणारी. ही लढाई मराठे हरू शकतात. जिंकले तरी कशी किंमत देऊन, ते लिहिणाऱ्याने ठरवायचे. माधवराव सावध होते, त्यामुळे ते विसाजी कृष्णांना आवरतील आणि पैसे घेऊन तह करतील, असे मला वाटते. महादजी शिंदे मात्र तो तह कधीच मनातून मान्य करणार नाहीत. पुढच्या दहा वर्षांचे भांडण तिथूनच पेटवा.

नकाशा कसा रंगवायचा? एकच भगवा पट्टा चालेल का?

चालणार नाही. साताऱ्याला छत्रपती रामराजे आहेत, राज्य त्यांच्या नावाने चालते. कोल्हापूरची गादी वेगळी. नागपूरकर भोसले स्वतःला सेनासाहेब सुभा म्हणवतात आणि पुण्याशी त्यांचे सूत कधीच नीट जमले नाही. जानोजी १७७२ मध्ये गेल्यावर मुधोजी आणि साबाजी भांडताहेत. बडोद्यात गायकवाडांचे घर फुटलेले आहे. शिंद्यांचे ठाणे उज्जैनला, ग्वाल्हेर राजधानी नंतरची. होळकरांचा कारभार अहिल्याबाई महेश्वरातून पाहतात आणि फौज तुकोजींकडे आहे. मिरजेकडे पटवर्धन.

शिवाय सीमेच्या कित्येक गावांत दुअमल चाले, एकाच गावातून निजामाचाही अंमलदार वसूल घेई आणि मराठ्यांचाही. अशा ठिकाणी रेघ ओढू नका, आडवे पट्टे द्या. चौथ देणारा मुलूख आणि थेट अंमलाखालचा मुलूख यांना वेगळ्या छटा द्या. हे एवढे केले तरी तुमचा नकाशा पाहणाऱ्याला राज्य कसे चालत होते ते कळेल.

सैन्यासाठी पैसा कुठून येतो हे दाखवणे गरजेचे आहे का?

गरजेचे आहेच. नानासाहेबांनी मागे ठेवलेले कर्ज माधवरावांना आयुष्यभर पुरले. मरताना केलेल्या यादीतही त्यांना कर्जफेडीची चिंता होती. हा माणूस बारा वर्षे जास्त जगला तर त्या बारा वर्षांत सावकार रोज दारात असणार.

चौथ म्हणजे चौथा हिस्सा, त्यावर सरदेशमुखीचा दहावा. ऐकायला भरपूर वाटते. पण चौथाईचे शंभर रुपये आले तर बाबतीचे पंचवीस छत्रपतींच्या सरकारात, सहोत्र्याचे सहा पंतसचिवांना, नाडगौडीचे तीन छत्रपती देतील त्याला, आणि मोकाशाचे सहासष्ट सरदारांना जात. हा कागदोपत्री हिशेब. प्रत्यक्षात वसूल सरदारच करी, फौजेचा खर्च आधी वळता करून घेई आणि बाकीची रक्कम पुण्याला पोचेपर्यंत वर्ष सरे. म्हणून पेशव्याच्या हुजुरातीचा, म्हणजे खास फौजेचा, पगार सावकारी हुंडीवर चाले. एखाद्या प्रकरणात फक्त हुंडी वटली नाही एवढेच दाखवा: मोहीम ठरली आहे, मुहूर्त निघाला आहे, गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगारासाठी अडून बसले आहेत आणि पेढीवाला म्हणतोय की पहिल्या हुंडीचे व्याज द्या, मग दुसरी बोलू. अशाच गारद्यांनी खऱ्या इतिहासात शनिवारवाड्यात पेशव्याचा जीव घेतला, हे वाचकाला आठवतेच.

माधवराव जगले की मोठा फायदा इथेच होतो, असे मला मनापासून वाटते. वसूल गोळा करणाऱ्या कमाविसदारांचा हिशेब कडक तपासणारा आणि वेठबिगारीवर नाराज असणारा माणूस गादीवर टिकला, तर दहा वर्षांत कर्ज आटोक्यात येऊ शकते. लढाया जिंकण्यापेक्षा हे जास्त परिणाम करणारे आहे, आणि ते कोणीच लिहीत नाही.

मोहिमेचा वेग किती धरायचा?

दसऱ्याला सीमोल्लंघन, मृगाच्या आधी छावणी. पावसाळ्यात नद्या अडवतात, तोफा चिखलात रुततात, घोड्यांना रोग होतात. १७६० मध्ये भाऊसाहेब मार्चच्या मध्यावर परतूरहून निघाले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत पोचले. साडेचार महिने. मोठा लवाजमा, तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू बरोबर असले की हाच वेग. नुसते कडवे घोडदळ याच्या कित्येक पट झपाट्याने जाई.

बातमी फौजेच्या पुढे धावते. पानिपताची बातमी भेलशाला नानासाहेबांना सुमारे दहा दिवसांत मिळाली, तीही सावकारी पत्रातल्या सांकेतिक भाषेत. म्हणजे तुमचा पुण्यातला पेशवा दुआबातल्या लढाईबद्दल हुकूम देईल तेव्हा ती लढाई होऊन गेलेली असेल. त्यामुळे मैदानावरच्या सरदाराला आपल्या अकलेने निर्णय घ्यावा लागतो, आणि नंतर पुण्यात जाब द्यावा लागतो.

टिपू सुलतान, दुसरे बाजीराव, सवाई माधवराव यांना आणता येईल का?

टिपूला येईल, तो १७५० च्या सुमारास जन्मलेला आहे. महादजी, नाना, अहिल्याबाई, निजामअली, सगळे आहेत.

सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ चे, पुरंदरावर जन्मलेले, वडिलांच्या खुनानंतर. दुसरे बाजीराव १० जानेवारी १७७५ चे, धारला जन्मलेले, कारण राघोबादादांच्या धावपळीत आनंदीबाई तिथे होत्या. फाटा नोव्हेंबर १७७२ चा, म्हणजे दोघांच्याही जन्माची परिस्थितीच बदलली. त्याच नावाचे, त्याच स्वभावाचे मूल जन्मणार नाही. राघोबादादांना मुलगा होऊ शकतो, त्याचे नाव आजोबांवरून बाजीराव ठेवतील हेही शक्य आहे, पण त्याचा स्वभाव तुम्ही नव्याने घडवा. मी साधा नियम ठेवतो: हिंदुस्थानात १७७३ च्या पावसाळ्यानंतर जन्मलेला कोणीही जसाच्या तसा आणायचा नाही.

वारस कोण?

माधवराव-रमाबाईंना मूल नव्हते. क्षयाने पोखरलेल्या माणसाला पुढे होईल यावर कथा उभारू नका. नारायणराव धाकटे भाऊ, १७५५ चे. बारा वर्षांत ते एकोणतीसचे होतात, थोरल्या भावाच्या शिस्तीत वाढतात. खऱ्या इतिहासात सतरा-अठराव्या वर्षी एकाएकी गादीवर आलेला उतावळा पोरगा आपण पाहिला. इथे त्याला शिकायला वेळ मिळतो. त्याचे काय होते हा माझ्या दृष्टीने या जगातला सर्वांत हृद्य प्रश्न आहे.

राघोबादादांचे काय? ते पराक्रमी होते, १७५८ मध्ये लाहोरपर्यंत पोचलेले. त्यांना नुसता खलनायक करू नका. आनंदीबाईंचेही तेच. 'ध'चा 'मा' ही लोककथा आहे. बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी बाई वर्षानुवर्षे नजरकैदेतल्या नवऱ्याजवळ बसून काय करेल, यातून त्यांची व्यक्तिरेखा उभी राहील.

नाना आणि महादजी इतके मोठे होतील का?

त्याच वाटेने नाही. बारभाईंच्या काळात पेशवा तान्हा होता, म्हणून फडणीस राज्याचा कर्ता झाला. इथे धनी जागा आहे आणि हिशेब स्वतः वाचतो. नाना हुशार फडणीसच राहतील, कदाचित थोडे असमाधानी. महादजींना उत्तरेत वाव जास्त मिळेल, पण लगामही जास्त. १७८४ नंतर द बॉयन या युरोपी सरदाराकडून महादजींनी उभे केलेले कवायती कंपू, म्हणजे पलटणी, या जगात आधी येतील, कारण बंगालच्या पलटणींचा अनुभव आधी येणार आहे. त्यांचा खर्च कोण देणार, यावरून पुणे आणि उज्जैन भिडतील.

दक्षिणेत हैदरचे काय?

पेशवा गेल्याबरोबर त्याने गमावलेला मुलूख परत घ्यायला सुरुवात केली. इथे ती संधी नाही, म्हणून तो इंग्रजांशी किंवा निजामाशी हातमिळवणी शोधेल. १७८२ मध्ये तो मरेल असेही धरून चालू नका. पाठीवरच्या गळवाचे दुखणे त्याच्या नशिबी राहील की नाही, ते तुमच्या हातात आहे.

आरमार? गोवा?

आरमार हा मराठ्यांचा कच्चा दुवा आहे आणि तो १७५६ चा आहे. तुळाजी आंग्रे बेबंद झाले म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांच्या मदतीने विजयदुर्गावर चाल केली आणि आंग्र्यांची गलबते जळाली. १७७२ चा फाटा ते परत आणत नाही. नवे आरमार बांधायला लाकूड, कारागीर आणि पंधरा-वीस वर्षे लागतील. त्यामुळे मुंबई एका चढाईत घेतल्याचे प्रकरण लिहिण्याआधी थांबा. बेटाला समुद्राकडून रसद येत राहते.

गोव्यात पोर्तुगीजांनी १७६३ मध्ये फोंडा घेतला होता. डिचोली, सत्तरी, पेडणे १७८० च्या दशकात त्यांच्याकडे गेले, सावंतवाडीकर आणि कोल्हापूरकरांच्या भांडणांचा फायदा घेऊन. पुणे मोकळे असेल तर हा भाग पोर्तुगीजांना मिळेलच असे नाही. आजच्या गोव्याचा आकार त्या जगात सुमारे पाव भागाने लहान दिसेल, आणि पेडण्याच्या देवळांची, भाषेची कथा वेगळी होईल. यावर कोणी गोमंतकीयाने लिहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

बाकीच्या जगावर परिणाम होतो का?

लगेच नाही. कलकत्त्याची बातमी लंडनला पोचायला साधारण सहा महिने लागत. कंपनीचे १७७२ चे आर्थिक संकट फाट्याच्या आधीचे, म्हणून चहाचा कायदा आणि डिसेंबर १७७३ मधला बोस्टनचा चहा समुद्रात पडणे, दोन्ही तसेच. अमेरिकेचे युद्धही तसेच सुरू होईल. पण १७७४ मध्ये दुआबात महागडे युद्ध पेटले असेल, तर १७७८ ला फ्रान्स उतरताना कंपनीची तिजोरी आणखी रिकामी असेल. फ्रेंचांचा वकील सेंट ल्युबिन १७७७ मध्ये पुण्यात आला होता. खरा पेशवा तेव्हा तीन वर्षांचा होता. तुमचा बत्तीस वर्षांचा पेशवा त्याला काय विचारेल? हा प्रवेश लिहायला मजा येईल.

तारखा, भाषा, पदव्या कशा ठेवायच्या?

पात्रांच्या तोंडी शके आणि तिथी, निवेदनात इसवी सन. दफ्तरी कागद दाखवायचा तर त्यावर अरबी महिने आणि सुहूर सनही येतो. पेशव्याला 'श्रीमंत', रामशास्त्र्यांना 'शास्त्रीबोवा', महादजींना 'पाटीलबावा'. 'महाराज' छत्रपतींसाठी राखून ठेवा. पेशव्याला 'महाराज' म्हणणारे पात्र दिसले की जाणता वाचक पुस्तक मिटतो.

कथा कुठवर न्यायची?

पहिल्या खेपेला १७८४ पर्यंत. माधवराव जातात, नारायणराव गादीवर येतात, राघोबादादा पन्नाशीचे आणि अजून जिवंत आहेत. तेवढे पक्के झाले की ३१ डिसेंबर १८०२ कडे चला. त्या दिवशी वसईच्या तहावर सही करणारा पेशवा तुमच्या जगात जन्मलेलाच नाही. इंग्रज मात्र आहेत, बंगाल त्यांच्याकडे आहे, आणि आपली तैनाती फौज स्वीकारणारा कोणीतरी ते शोधणारच. तो निजाम असेल, बडोद्याच्या भांडणातला एखादा गायकवाड असेल की नागपूरकर, हे ठरवण्याआधी १७८४ ची कर्जाची यादी पुन्हा काढून बघा. ज्याचे देणे सर्वांत जास्त, त्याच्या दारी वकील आधी पोचेल.